बेबी केअर किट: कापड चांगलं, देण्याची वेळ बदला

पहिलटकरणीसाठी सरकारकडून बाळाच्या वस्तूंची जी पिशवी, म्हणजे बेबी केअर किट, मिळते, ती माझ्या लेकीच्या बाळंतपणात आमच्या घरी आली. मी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला एका खेड्यात शिलाईचं काम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे ड्रेस हे रोजचंच, पण आसपासच्या गावांतली झबली-टोपडी आणि दुपटीही बरीचशी माझ्याच मशीनवर होतात. त्यामुळे पिशवी उघडल्यावर सगळ्यात आधी कापडाला हात लावला, आणि मग एकेक वस्तू लेकीबरोबर वापरून पाहिली. मालाची खेप बदलली की वस्तूही थोड्याफार बदलतात, म्हणून आमच्या हाती जी पिशवी आली तिच्याबद्दलच लिहिते.

योजना महाराष्ट्राच्या महिला व बालविकास खात्याची, २०१९ पासूनची. अंगणवाडीत नाव नोंदवलेली बाई पहिल्या खेपेला सरकारी दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंत झाली, तर तिला २,००० रुपयांच्या वस्तू मिळतात. वस्तू १७: बाळाचे कपडे, छोटी गादी, टॉवेल, मच्छरदाणी, गरम ब्लँकेट, थर्मामीटर, तेल, पावडर, शाम्पू, अंग धुण्याचं लिक्विड, नेलकटर, हातमोजे, पायमोजे, खेळणं, सॅनिटायझर, आईसाठी लोकरीचं गरम कापड आणि हे सगळं ठेवायची पिशवी. नुसता आकडा ऐकून बाया म्हणतात, "दोन हजारांत काय येते वो?" मी सांगते, आपल्या आठवडी बाजारात एवढ्या वस्तू एकेक करून घ्यायला गेलात तर दोन हजारांत भागणार नाही, आणि थर्मामीटर तर कोणी घेणारच नाही.

आधी झबल्यांचं. कापड होजिअरीचं, मऊ, हातात चुरगाळलं की लगेच मोकळं होणारं. टेरिकॉटचा अंश असता तर बोटांना लगेच कळलं असतं, तो नव्हता. झबलं पुढून उघडं आणि बंदांचं, हे सगळ्यात चांगलं. नव्या बाळाची मान धरत नाही, डोक्यावरून कपडा घालायचा म्हणजे आईचा जीव वर-खाली होतो. पाठीवर बटण नाही, टिचबटण नाही. बाळ चोवीस तासांतला बहुतेक वेळ पाठीवर असतं, तिथे काही टोचलं तर ते रडेल आणि आई समजेल भूक लागली. शिवण ओव्हरलॉकची होती. काखेत मात्र ती जाड झाली होती, कारण चार थर एका जागी आले होते. मी तेवढा भाग उसवून चपटा करून घेतला. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी झबलं उलटं घालावं, शिवण बाहेर. दिसायला कसंतरी दिसेल, पण बाळाच्या काखेत लाल चट्टा उठणार नाही.

टोपडं एवढं मनासारखं नव्हतं. त्याला इलॅस्टिक होतं. काढल्यावर कपाळावर वळ दिसायचा. इलॅस्टिक ओढून काढलं आणि रुंद पट्टी लावली. खाली हनुवटीशी नाडी असलेलं टोपडं कोणाला मिळालं तर नाडी कापूनच टाका, झोपलेल्या लेकराच्या गळ्याशी दोरी नको.

हातमोजे-पायमोजे घालण्याआधी एक काम करायलाच पाहिजे, आणि हे माझ्या धंद्यातलं म्हणून जोर देऊन सांगते. मोजा उलटा करा. आतमध्ये ओव्हरलॉकचे सुटे दोरे लोंबत असतात. ते बाळाच्या इवल्याशा बोटाला गुंडाळले जातात, बाळ हात हलवतं तसे आवळत जातात आणि बोटाचा रक्तपुरवठा बंद होऊ शकतो. मोजा अंगावर असल्यामुळे आईला दिसतही नाही. आमच्या पिशवीतल्या एका हातमोज्यात वीतभर दोरा निघाला. कात्रीने मुळापासून कापला, तेव्हाच मोजा बाळाला घातला. पिशवीत मराठीत एक कागद घालून एवढी एक ओळ छापली, तरी फार मोठं काम होईल.

आता थर्मामीटर. लेकीचं बाळंतपण पौषात झालं. आमचं घर टिनाचं. उन्हाळ्यात भट्टी, पण पौषात पहाटेला टिन असं गार पडतं की मोठ्या माणसाला दोन पांघरुणं लागतात. बाळ वजनाने जरा कमीच होतं. आशाताई घरी यायच्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी बाळ पाहायला यायचं असतं. त्यांनी पहिल्या भेटीत मला आणि लेकीला एक गोष्ट शिकवली. बाळाच्या पोटाला हात लावायचा, मग तळपायाला. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजते आहे, लगेच आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरा आणि वरून पांघरा. पोटही गार लागलं तर धोका आहे, दवाखाना गाठा. पिशवी आल्यावर त्या म्हणाल्या, "हाताचा अंदाज घ्या मावशी, पण थर्मामीटरनं पक्कं करत जा." बाळाच्या काखेत धरायचं, शिटी वाजेपर्यंत हात दाबून ठेवायचा. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असलं की ठीक. तोपर्यंत आमच्या घरात थर्मामीटर म्हणजे डॉक्टरच्या टेबलावरची वस्तू होती. आता लेक तिच्या सासरी गेली तर ते सोबत घेऊन गेली. तिच्या जावेच्या बाळाला ताप आला तेव्हा तेच कामाला आलं. माझ्या मते अख्ख्या पिशवीत सगळ्यात मोलाची वस्तू हीच.

घरी येऊन बाळ पाहायची ही पद्धत आपल्या विदर्भातूनच देशभर गेली, हे आमच्याकडच्या पुष्कळ बायांना माहीत नसतं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत हे काम उभं केलं. गावातलीच बाई शिकवून तयार करायची, तिने घरी जाऊन बाळाचं वजन, ताप, श्वास पाहायचा, जंतुसंसर्ग ओळखायचा. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. कमी वजनाच्या बाळाला उबेत ठेवायला गरम कापडाची पिशवी शिवून वापरायची, हेही त्या कामात होतं. मी स्वतः फलालीनच्या तशा पिशव्या शिवून दिल्या आहेत. आत मऊ अस्तर, खाली बंद, वरून तोंडाला जागा, आणि पुढून उघडता येईल अशी, म्हणजे लंगोट बदलताना बाळाला पूर्ण उघडं करावं लागत नाही. सरकारी पिशवीतलं ब्लँकेट गरम आहे, पण बाळाच्या लाथांनी ते बाजूला सरकतं आणि कधी तोंडावर येतं. ब्लँकेटऐवजी अशी एक शिवलेली पिशवी दिली तर कापडही कमी लागेल आणि ऊबही टिकेल. हे मी शिवणारी म्हणून खात्रीने सांगते.

मच्छरदाणी घडीची, छत्रीसारखी उघडणारी होती. आमच्या बाजूला ओढा, कपाशीचं रान, गोठा घराला लागून. मच्छर बाराही महिने. जाळी बारीक आणि घट्ट होती, काड्याही पक्क्या. लेकीने दुपारी अंगणातसुद्धा बाळाला तिच्याखाली ठेवलं. माशा बसत नाहीत, कोंबडं जवळ येत नाही. गादी मात्र फार पातळ. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती टाकली तर गारवा वर येतो, म्हणून खाली गोधडी घालावीच लागली.

पावडर मी बाळाच्या अंगाला लावू दिली नाही. आशाताईंनीही नको म्हटलं होतं. बारीक कण हवेत उडतात, बाळाच्या नाकातोंडात जातात, छातीत बसतात. मांडीच्या घडीत घाम आणि पावडर मिळून लगदा होतो तो वेगळाच. बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात ती वस्तू सरकारी पिशवीत असूच नये. पिशवीत आली म्हणजे आई समजते, सरकारनेच दिली तर ती लावायलाच पाहिजे. शाम्पू आणि लिक्विडही पहिल्या महिन्यात लागत नाही. बाळाला पहिल्या दिवशी आंघोळच घालायची नसते, आणि वजन कमी असेल तर त्याहून उशिरा. या तिन्हींचे पैसे वाचवून लंगोट वाढवा.

सॅनिटायझरबद्दल एक काळजीची गोष्ट. बाळ पाहायला येणाऱ्यांच्या हातावर टाकायला ते चांगलं, लेकीने दाराशीच ठेवलं होतं. पण आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेकशेगडी असते. सॅनिटायझर पेट घेतं. ओल्या हाताने शेगडीजवळ जायचं नाही आणि बाटलीही त्या खोलीत ठेवायची नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या बायांना समजावून सांगावं लागलं. धुरीचंही तेच. धुराने बाळाची छाती भरते, म्हणून मी ती बंदच करायला लावली. माझ्या विहीणबाईंना ते आवडलं नाही, पण त्यांनी ऐकलं.

पिशवीत काय नाही, याचंही कौतुक करते. दुधाची बाटली नाही, डब्याचं दूध नाही. बाळंतिणींना अशा बाटल्या आणि डबे फुकट वाटायला १९९२ च्या कायद्याने मनाईच आहे. चीक टाकून न देता पहिल्या तासात पाजायचा आणि सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही, हे अंगणवाडीच्या बाई तळमळीने सांगतात. त्याच बाईंच्या हातून बाटली मिळाली असती तर त्यांच्या बोलण्याला काय अर्थ राहिला असता?

लंगोटावर मी अडून बसते त्याला कारण आहे. आईचं दूध पुरतं की नाही हे लंगोटावरून कळतं. पहिला आठवडा झाल्यावर दिवसरात्रीत बाळाने निदान सहा वेळा तरी लघवी केली पाहिजे. कापडाचा लंगोट ओला झाला की आई बदलते, तिच्या ध्यानात राहतं. डायपर घातलं की कितीदा झाली ते कळतच नाही. आमच्याकडे थंडीत कपडे वाळायला वेळ लागतो, घरात दोरीवर लंगोटच लंगोट असतात, तरी कमी पडतात. जुन्या सुती लुगड्याचे, धोतराचे मी शिवून दिले, आमच्या घरी ते होतं. ज्या पोरीचं माहेरच नाही, जिच्या घरी सिंथेटिक साड्यांशिवाय काही नाही, तिला सुती फडकं कुठून मिळणार? बारा-पंधरा लंगोट आणि दोन मोठी सुती दुपटी या पिशवीत हवीतच.

आणि बाळंतिणीचं काय? तिच्यासाठी लोकरीचं कापड आहे, ते चांगलं, लेकीने डोकं-कान त्यानेच बांधले. पण बाळंतपणानंतर कितीतरी दिवस अंगावरून जातं. त्यासाठी मोठे पॅड लागतात, मापाची सैल, सुती चड्डी लागते, पुढून उघडा गाऊन लागतो. पाजताना पोलकं वर ओढून बसलेली पोरगी थंडीत कुडकुडते. मी आमच्या गावातल्या बाळंतिणींसाठी पुढून दोन बाजूंनी उघडं पोलकं शिवते, त्याला दोन बंद असतात. खर्च फारसा नाही.

माझी बहीण आदिलाबादेत दिली आहे. तिच्या सुनेला तिथल्या सरकारी दवाखान्यात केसीआर किट, म्हणजे तिकडच्या सरकारची अशीच पिशवी, मिळाली होती. तेलंगणाने ती २०१७ साली सुरू केली. बाळाच्या वस्तूंसोबत आईला साडी, आईचा साबण, आणि वर हप्त्याहप्त्याने पैसे: मुलगा झाला तर १२,००० रुपये, मुलगी झाली तर १३,०००. इकडून पैनगंगा ओलांडली की तेव्हा एवढा फरक होता. आपल्याकडे पैसे वेगळ्या योजनेतून येतात: प्रधानमंत्री मातृवंदनेतून पहिल्या बाळाला ५,००० रुपये, आणि दुसरं बाळ मुलगी झालं तर ६,०००. दवाखान्याची सोय जननी शिशु सुरक्षेतून, २०११ पासून. बाळंतपण, औषध, रक्त, सिझेरियन फुकट, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण, जायला-यायला गाडी. लेकीला आणि बाळाला १०२ च्या गाडीने घराच्या दाराशी आणून सोडलं, ड्रायव्हरदादांनी सामानही उतरवून दिलं. हे सगळं खरंच मिळतं, आणि ते मोठं आहे.

पण पिशवी मिळते बाळंतपण झाल्यावर. नियमच तसा आहे: आधी सरकारी दवाखान्यात बाळंत व्हा, मग कागद दाखवा, मग पिशवी. आमचं बाळ पंधरवड्याच्या पुढे गेलं होतं तेव्हा ती घरी आली. बाळाला सगळ्यात जास्त ऊब कधी लागते? पहिल्या तासात, पहिल्या रात्री, पहिल्या आठवड्यात. गाडीतून घरी येताना, पौषातल्या वाऱ्यात. तेव्हा ब्लँकेट, टोपडं, मोजे हाताशी पाहिजेत. आमच्या घरी मशीन आहे म्हणून सगळं तयार होतं. पण आमच्या गावापासून थोड्या अंतरावर कोलामांचं पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, आहे. तिथली एक पोरगी त्याच आठवड्यात बाळंत झाली. बाळ दवाखान्यातून आजीच्या जुन्या साडीत गुंडाळून आणलं. झबलं नव्हतं. मी नेऊन दिलं. तिला पिशवी मिळाली, ती फार खूश झाली, मच्छरदाणी तर पोडातली प्रत्येक बाई पाहून गेली. तरी थंडीचे पहिले दिवस बाळाने उघड्यानेच काढले होते.

माझं म्हणणं इतकंच, की ही पिशवी आठव्या महिन्यात द्या. गावात दर महिन्याला आरोग्य-पोषणाचा दिवस अंगणवाडीत होतोच. नर्सबाई येतात, पोटुशा बाया तपासायला येतात. तिथेच हातात ठेवा आणि प्रत्येक वस्तू कशी वापरायची ते दाखवा. कोणी म्हणेल, पिशवी आधी दिली तर बाई दवाखान्यात येणार नाही, घरीच बाळंत होईल. मला ते पटत नाही. जावयाने मोबाइलवर दाखवलं, फिनलंड देशात बाळाच्या सामानाची पेटी १९३८ पासून देतात, १९४९ पासून तर गरीब-श्रीमंत सगळ्याच मातांना. अट तिथेही आहे, पण ती चौथा महिना संपायच्या आत तपासणीला जाण्याची. म्हणजे बाई तपासणीला येते आणि पेटी वेळेवर घरी पोचते, दोन्ही साधतं. आपल्याकडे अंगणवाडीत नोंद आणि चार तपासण्या एवढी अट ठेवली तर काय बिघडतं?

दुसरी गोष्ट पहिल्याच बाळाची. दुसऱ्याला पहिल्याचं पुरेल असा हिशेब असणार. शेतमजुराच्या घरात पहिल्याची गादी, ब्लँकेट, मच्छरदाणी दुसरं येईपर्यंत फाटून, उंदरांनी कुरतडून संपलेली असते. निदान दुसऱ्या मुलीला तरी द्या. मातृवंदनेत दुसऱ्या मुलीला मान्यता दिलीच आहे, तोच नियम इथे लावा.

आणि हे कपडे शिवून घ्या आमच्याच बायांकडून. आमचा सगळा पट्टा कपाशीचा. प्रत्येक गावात बचत गट, गटातल्या कितीतरी बायांकडे मशीन. कपाशी आम्ही वेचायची आणि झबलं लांबून कुठून तरी यायचं, असं कशाला? नमुना ठरवून द्या, कापड तपासून द्या. काखेची शिवण चपटी, मोज्यातले दोरे कापलेले, बंद पक्के, असा माल आम्ही देऊ. ज्या बाईने आपल्या नातवाला झबलं घातलं आहे तिला कुठे टोचतं ते सांगावं लागत नाही.

ज्यांच्या घरी पहिलं बाळंतपण आहे त्यांनी पोट राहिल्याचं कळताच अंगणवाडीत नाव टाका. लेक माहेरी येणार असेल तर सासरच्या अंगणवाडीत नोंद आहे की माहेरच्या, ते आधीच बाईंना विचारून पक्कं करा. माता-बाल संरक्षण कार्ड आणि दवाखान्यातून सुट्टी देतानाचा कागद जपून ठेवा. पिशवी हातात आली की बाईंसमोरच उघडा, यादीशी ताडून पाहा, थर्मामीटर चालू करून बघा. कपडे बाळाला घालण्याआधी साध्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि मोजे उलटे करून दोरे कापायला विसरू नका.